सहा आठवडे बेशुद्ध

तेव्हा शिकवणीच्या त्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मध्येच ही कोण आणि तो कोण असं विचारायला नको. शिकवणारी दीदीमणी, पंचेचाळिशीची, जाड चष्म्याची. कॅनिंगहून रोज गाडीनं येणारी एक मुलगी, बावीस वर्षांची. उलुबेरियाचा एक मुलगा, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. दोघी जावा, एकाच घरातल्या, चार वर्षं एकमेकींशी न बोललेल्या. बिहारची एक बाई, ती पुढे माझी मैत्रीण झाली. आणि मी. नावं घालत नाही. नावं ज्याची त्याची आहेत.

एक लोखंडी पलंगही होता. तोही मोजायला पाहिजे, कारण माझा वेळ सगळ्यात जास्त त्याच्याबरोबर गेला.

मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते. शाळा चौथीपर्यंत. कलकत्त्याला आले ती ह्यांच्यामागे. हे मुंबईत एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवायचे. साहेबांची बदली इकडे झाली, त्यांना मराठी बोलणारा ड्रायव्हर पाहिजे होता, म्हणून आम्हाला बरोबर आणलं. चार वर्षांनी साहेबांची परत बदली झाली, ते गेले. ते आम्हाला विसरले असं मी म्हणणार नाही. आम्हाला न्यायचं कारण उरलं नव्हतं. मग हे खिदिरपूरला डॉकजवळच्या एका गोदामावर राखणदार झाले. तिथेच एक खोली मिळाली. ती खोली अजून आहे, मी तिच्यातच बसून हे लिहिते आहे.

पुढे ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दोन वर्षं पलंगावर होते. सगळं मी एकटीनं केलं. पाठीला जखमा झाल्या, त्या शेवटपर्यंत भरल्या नाहीत. मग गेले. मूलबाळ आम्हाला नव्हतं. गावाहून धाकट्या दिरांचा निरोप आला, वहिनी, इकडे या, गोठ्याशेजारची खोली रिकामी आहे. गाय त्यांनी आधीच विकली होती, त्यामुळे गोठाही रिकामा होता. पण निरोप खोलीचाच होता.

शेजारणीनं मला आया सेंटरचं सांगितलं. कलकत्त्यात घरोघरी, नर्सिंग होममध्ये, आजारी माणसाजवळ बसायला बाया लागतात. बारा बारा तासांची ड्युटी असते. बाया पुरवणारी ती सेंटरं. आमचं सेंटर एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावर होतं. सहा आठवडे शिकायचं, मग परीक्षा. पास झालं की फोटो लावलेलं कार्ड. कार्ड असेल तर ड्युटी, नसेल तर घरी. माझ्या बाबतीत घरी म्हणजे गोठ्याशेजारी.

सेंटरचे नियम दोन होते. चोरी करायची नाही आणि प्रेम करायचं नाही. दीदीमणीनं दोन्ही एका दमात सांगितले. शिक्षाही दोन्हीला एकच, काढून टाकणार. आधीच्या वर्षी कुणी दोघं ड्युटी सोडून पळाली होती, आणि पेशंटचे घरवाले दोन दिवस सेंटरच्या जिन्यात बसून होते.

पहिल्याच दिवशी पेशंट कोण होणार यावर घोडं अडलं. एकानं पलंगावर पडायचं आणि बाकीच्यांनी त्याला पुसायचं, भरवायचं, त्याची कूस बदलायची, असं शिक्षण होतं. कॅनिंगची मुलगी पडली तर तिला गुदगुल्या व्हायच्या. मुलाला बायांनी हात लावायचा नाही. जावा एकमेकींना शिवायला तयार नव्हत्या. बिहारच्या बाईला उचलायला चौघं लागली, आणि पलंगाचा एक पाय तेव्हापासून वाकडा झाला तो झालाच. दीदीमणीनं माझ्याकडे बघितलं. मी वजनाला कमी. वयानं मोठी, म्हणजे पुरुषाचा हात लागला तरी कुणी काही म्हणणार नाही.

"मासी, तू झोप," ती म्हणाली.

मासी म्हणजे मावशी. मी झोपले. उद्या दुसरी झोपेल असं ती म्हणाली होती. तो उद्या काही आला नाही.

मला काम दिलं होतं बेशुद्ध पेशंटचं. डोळे उघडायचे नाहीत, हसायचं नाही, अंग आपणहून हलवायचं नाही. हात उचलून सोडला तर धपकन पडला पाहिजे. मला ते जमलं. मला दुसरं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची पाळी होती. त्यानं माझी कूस बदलायला माझा दंड धरला आणि ओढला. नवं माणूस तसंच करतं. खांद्यापासून पार मानेपर्यंत कळ गेली आणि माझ्या तोंडून एक आवाज निघाला. तो आवाज मी ओळखला. आमचे हे तसाच आवाज करायचे. रोज, दोन वर्षं, मी कूस बदलायला दंड धरून ओढलं की. मला वाटायचं चिडतात. मी म्हणायचे, चिडू नका, मलाही हौस नाही.

दीदीमणी म्हणाली, बेशुद्ध माणूस आवाज करत नाही.

मी परत केला नाही. मात्र त्या दिवसापासून पडल्या पडल्या मी लक्ष द्यायला लागले. कुणाचा हात गार आहे, कुणाचं नख लागतं, चादरीची चुणी कुठे टोचते, न सांगता अंगाला हात लावला की अंग कसं आखडतं. दुसरा उद्योग नव्हता, म्हणून.

तीन दिवसांत सगळे विसरले की मी आहे. त्यांच्या लेखी पलंगावर पेशंट होता, आणि पेशंट बेशुद्ध होता. माझ्या अंगावरून ते बोलायला लागले.

जावांचं आधी सांगते. त्यांचं भांडण एका प्रेशर कुकरवरून होतं. दीदीमणीनं मुद्दाम त्यांची जोडी लावली, चादर बदलायला. एक इकडे, एक तिकडे, मध्ये मी. दोघी चादरीचं टोक धरून उभ्या, आणि बोलायचं नाही. मग थोरली माझ्याकडे बघून म्हणायची, मासी, तिला सांगा जरा ओढ. धाकटी म्हणायची, मासी, तिला सांगा आधी तुझ्या बाजूची सुरकुती काढ. मी बेशुद्ध. माझ्याकडून कुणाचा निरोप कुणाला पोचेना. दोन आठवडे त्यांनी वाट बघितली. तिसऱ्या आठवड्यात थोरली थेट म्हणाली, "ओढ की, बघतेस काय." धाकटीनं ओढलं. चार वर्षांतलं पहिलं वाक्य ते. पुढे दोघी एका पेशंटकडे लागल्या, एक सकाळची, एक रात्रीची. घरी चूल वेगळीच राहिली. कुकर कुणाकडे गेला ते मला कळलं नाही.

आता त्या दोघांचं.

जड पेशंट उचलायची एक पद्धत असते. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, पेशंटच्या पाठीखालून हात घालायचे, एकमेकांची मनगटं पक्की धरायची, आणि एक, दोन, तीन म्हणून उचलायचं. जावा परक्या पुरुषाचं मनगट धरणार नव्हत्या. बिहारची बाई म्हणाली, मी धरीन, पण तिची कंबर वाकत नव्हती. राहिली कॅनिंगची मुलगी. असा तो मुलगा आणि ती मुलगी माझ्या दोन बाजूंना आली. दीदीमणीनंच उभं केलं.

पहिल्या आठवड्यात एक, दोन, तीन बरोबर यायचं. दुसऱ्या आठवड्यात एक आणि दोन वेळेवर यायचे, तीन यायला वेळ लागायला लागला. माझ्या कमरेखाली चार हात धरलेले, आणि मी वाट बघते आहे तीन कधी म्हणतात. त्यांचं प्रेम सगळ्यात आधी माझ्या पाठीला कळलं. त्यांना स्वतःला बहुतेक दोन-तीन दिवसांनी कळलं असेल.

पेशंटची कूस दोन तासांनी बदलायची असते. माझी दहा दहा मिनिटांनी बदलायला लागली. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली चहाला जायचे, ही दोघं म्हणायची, आमचा सराव कच्चा आहे. सुट्टीत मला उठायची मुभा होती, पण मी उठले तर सराव कुणावर करणार. मी पडून राहायचे. माझी भाकरी डब्यात तशीच राहायची.

मला भरवायची पाळी त्याची असली की पेजेचा चमचा तोंडाशी न येता कानाकडे यायचा, कारण बघायचा तो तिच्याकडे. ती म्हणायची, पेशंटचं तोंड इकडे आहे. तो म्हणायचा, मला माहीत आहे. माहीत असून पेज कानात.

बोलायचेही. ती सांगायची, आईनं कॅनिंगच्या मासळीबाजारातलं एक स्थळ बघून ठेवलंय, फाल्गुनात लग्न म्हणते. कार्ड मिळालं, ड्युटी लागली, तर आईला थांब म्हणता येईल, नाही तर नाही. तो म्हणायचा, एकाच नर्सिंग होममध्ये ड्युटी मागू, तू बायकांच्या वॉर्डात, मी पुरुषांच्या. ती म्हणायची, दीदीमणीला कळलं तर वॉर्ड राहील बाजूला. मग दोघं माझी कूस बदलायची.

बिहारच्या बाईला माझी काळजी लागली. ती जिन्यात सत्तूचा गोळा माझ्या हातावर ठेवायची आणि सांगायची, बहन, तू नुसती पडून असतेस. आम्ही सगळ्या शिकलो. परीक्षेत तुला उभं करतील तेव्हा काय करशील? पाच आठवड्यांत तू चादरसुद्धा घातली नाहीस. खरंच होतं. मी म्हणायचे, बघू. गोठ्याशेजारच्या खोलीला खिडकी आहे की नाही ते मी तेव्हा आठवायचा प्रयत्न करत असे. आठवायची नाही.

सहाव्या आठवड्यात दीदीमणीनं मला आतल्या खोलीत बोलावलं. चहा दिला, बशीत दोन बिस्किटं दिली. एरवी ती चहा स्वतःपुरता मागवायची. म्हणाली, त्या दोघांचा मला संशय आहे. आधीच्या वर्षी माझी नोकरी जाता जाता राहिली, यंदा मला तसं नको.

"मासी, तू दिवसभर त्यांच्या मध्ये असतेस. सांग, काय चालतं?"

मी बिस्किट खाल्लं.

ती म्हणाली, "हे बघ, तुझा सराव काहीच झालेला नाही, मला दिसतंय. तू मला सांगितलंस, तर परीक्षेत मी तुला तोंडी विचारीन आणि पास करीन. कार्ड तुझं."

मी विचार केला. लोक म्हणतात अशा वेळी देव आठवतो. मला गोठा आठवला. मग फाल्गुन किती लांब आहे ते मोजलं. फार लांब नव्हता. त्या पोरीनं मला कधी दंड धरून ओढलं नव्हतं, हेही आठवलं. पण ते कारण मोठं नव्हे. माझ्या पाठीमागचं, म्हणजे पाठीखालचं, मी दुसऱ्याला कसं सांगणार.

"दीदीमणी," मी म्हटलं, "बेशुद्ध माणसाला काय विचारता?"

ती हसली नाही. चहाचा कप माझ्या पुढून उचलला, अर्धा भरलेला होता. म्हणाली, बरं. मग परीक्षेला तुझा पेशंट मी.

ही गोष्ट मी त्या दोघांना सांगितली नाही. बिहारच्या बाईला तेवढी सांगितली. ती कपाळाला हात लावून जिन्यात बसली. मग मला गच्चीत घेऊन गेली, सतरंजी टाकून पडली आणि म्हणाली, फिरव मला. मी जोर लावला. ती हलली नाही, तिला हसू आलं, हसण्यानं तीच आपोआप कुशीवर गेली. तेवढाच माझा सराव.

परीक्षा शनिवारी होती. सेंटरचे मालक खुर्चीवर बसले होते, हातात कागद. बाकी सगळ्यांचं झालं. दोघांनी मलाच उचललं, एक, दोन, तीन, त्या दिवशी तीन अगदी वेळेवर आलं. जावांची चादर अशी बसली की टोक दिसेना. मग दीदीमणीनं चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि पलंगावर पडली. डोळे मिटले. अंग एकदम सैल सोडलं, माझ्यापेक्षा चांगलं. बाई अंगानं भरलेली. मालक म्हणाले, डाव्या कुशीवर घ्या, एकटीनं.

मी आधी हात हातावर घासले, गरम होईपर्यंत. मग तिच्या कानाशी जाऊन सांगितलं की आता तुम्हाला माझ्याकडे वळवते, घाबरू नका. मालक म्हणाले, पेशंट बेशुद्ध आहे. मी म्हटलं, हो. तिच्या कमरेखाली साडीचा बोळा झाला होता, तो आधी काढला. तिथे किती टोचतं ते मला माहीत होतं. पलीकडचा हात छातीवर ठेवला, पलीकडचा गुडघा वाकवला. दंडाला हात लावला नाही. एक हात खांद्यामागे, एक कमरेच्या हाडामागे, आणि सावकाश माझ्याकडे घेतलं. ती वळली. जोर लागलाच नाही म्हटलं तरी चालेल. पाठीमागे उशी लावली, दोन गुडघ्यांत चादरीची घडी ठेवली, कान दुमडला होता तो सरळ केला.

दोन वर्षं ह्यांच्याबरोबर हेच करायला पाहिजे होतं. एवढंच होतं ते.

दीदीमणी उठेना. मालकांना वाटलं झोप लागली. त्यांनी हाक मारली तेव्हा तिनं डोळे उघडले, चष्मा मागितला आणि मला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं.

"ह्या सगळ्यांनीच," मी म्हटलं. "आधी चुकीचं करून."

तक्त्यावर वेळ लिहायची असते, कूस किती वाजता बदलली ती. ते मी विसरले, त्याचे मार्क कापले. बाकी पास. कार्डावरचा फोटो असा आला की शेजारीण म्हणाली, ह्यात तू खरंच बेशुद्ध दिसतेस. गावाला निरोप पाठवला की खोली दुसऱ्या कुणाला द्या. दिरांनी तिथे कडबा भरला.

त्या दोघांनाही कार्ड मिळालं. ड्युटी एका ठिकाणी लागली नाही, पण फाल्गुनात लग्न झालं, मासळीबाजाराशी नव्हे. मला बोलावलं होतं. ड्युटी होती, गेले नाही.

चार वर्षांनी सेंटरमधून मला एका घरी पाठवलं, बेहालाकडे. दार त्या कॅनिंगच्या मुलीनं उघडलं. उलुबेरियाच्या त्या मुलाची आई लकव्यानं पडलेली, आणि दोघंही दुसऱ्यांच्या घरी ड्युटीवर, म्हणून घरच्या पेशंटला आया हवी होती. घरात शिरल्या शिरल्या मला कळलं की बोलणं बंद आहे. तो मला म्हणाला, मासी, तिला सांगा पाणी गरम करायला. ती म्हणाली, मासी, त्याला सांगा, केलंय. मी ह्या खेपेला शुद्धीवर होते, तरी निरोप पोचवला नाही. मला तो धंदा जुना माहीत होता.

म्हातारी खाली सरकली होती म्हणून तिला वर उचलायचं होतं. माझ्या गुडघ्यांत तोवर जोर राहिला नव्हता. ती दोघं दोन बाजूंना उभी राहिली, पाठीखालून हात घातले, मनगटं धरली. तो एक म्हणाला. तो दोन म्हणाला. पुढे काही येईना. तिनं म्हणावं म्हणून तो थांबलेला, त्यानं म्हणावं म्हणून ती. म्हातारी मधल्या मध्ये, डोळे मिटून. तिच्या पापण्या हलताना मला दिसल्या. तिला सगळं ऐकू येत होतं.

"तीन," मी म्हटलं.

त्यांनी उचललं. मी उशी सारली. हात त्यांनी लगेच काढले नाहीत, पण त्यावरून मी काही सांगणार नाही. दोघं अजून एका घरात आहेत, एवढं मला माहीत आहे.

दहा वर्षं मी ड्युटी केली. आता सत्तरीला आले आहे. गुडघे गेले, जिना बंद झाला. बिहारची बाई गावी गेली, ती सणाला फोन करते आणि विचारते, बहन, उठलीस का. एक दिवस मीही पडीन, आणि तेव्हा ते शिकवणीतलं पडणं नसेल. कोण येईल माहीत नाही.

म्हणून हे वाचणाऱ्याला एक विनंती आहे. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी असं पडून असेल, तर त्याला हात लावण्याआधी सांगा की आता तुमची कूस बदलतो. हात गार असेल तर घासून घ्या. आणि दंड धरून ओढू नका.